व्हिसाची ओरल

फायनल इयरचं दुसरं सेमिस्टर सुरू झालं की आपल्या हॉस्टेलमध्ये एक वेगळीच भाषा ऐकू यायला लागते. 'तुझा आय-२० आला का गं?' 'स्लॉट मिळाला का?' 'त्याला म्हणे टू-फोर्टीन-बी लागलं!' फर्स्ट इयरच्या मुलींना वाटतं, हा एखादा साथीचा आजारच आहे. मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींनासुद्धा आता 'स्लॉट' हा शब्द पाठ झालाय. पण गंमत अशी, की ही भाषा बोलणाऱ्या बऱ्याच जणांना त्या शब्दांचा नेमका अर्थ माहीत नसतो. मग ऐकीव गोष्टींवर भीती वाढत जाते आणि त्या भीतीवर कन्सल्टन्सीवाल्यांची दुकानं चालतात.

मी स्वतः अजून थर्ड इयरला आहे, त्यामुळे माझा नंबर लागायला वेळ आहे. पण २०२५ च्या उन्हाळ्यात माझी रूममेट अमेरिकेच्या स्टुडंट व्हिसासाठी मुंबईला मुलाखतीला गेली. ती सिव्हिलची, माझ्याहून सीनियर, सगळी विंग तिला ताईच म्हणायची. मी कॉन्व्हेंटची, म्हणून हॉस्टेलमधली इंग्लिशची सगळी कामं माझ्याकडे येतात. एसओपी तपासून दे, मेल लिहून दे, फॉर्म वाचून दे. तसंच ताईची तयारी करून घेणं आणि तिच्याबरोबर मुंबईला जाणं हेही माझ्याकडेच आलं. त्या महिन्याभरात जे वाचलं, पाहिलं, समजलं ते इथे लिहितेय. जर्मनी, कॅनडा यांचे नियम वेगळे आहेत. हा लेख फक्त अमेरिकेच्या एफ-१, म्हणजे शिक्षणासाठीच्या व्हिसाबद्दल आहे.

व्हिसा म्हणजे नेमकं काय?

व्हिसा म्हणजे तिकडे राहण्याचा परवाना, असं आपण समजतो. खरं तर व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आत घ्यायचं की नाही हे तिकडच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. आत गेल्यावर किती दिवस राहायचं हेही पासपोर्टवरच्या व्हिसाच्या तारखेवरून ठरत नाही. ते तुमच्या प्रवेशाच्या नोंदीवर आणि शिक्षण नियमित चालू आहे की नाही यावर ठरतं. दुसरी गोष्ट म्हणजे, एफ-१ हा 'नॉन-इमिग्रंट' व्हिसा आहे. तिथे कायमचं राहायला जाणाऱ्यांसाठी तो नाही, शिकायला जाणाऱ्यांसाठी आहे. मुलाखतीतली निम्मी भानगड या एका शब्दात आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

क्रम कसा असतो?

आधी युनिव्हर्सिटीचा ॲडमिट येतो. मग पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढे पैसे आहेत याची कागदपत्रं त्यांना पाठवायची. ती पटली की युनिव्हर्सिटी 'आय-२०' नावाचा फॉर्म देते. त्यावर तुमचा कोर्स, तो सुरू व्हायची तारीख, खर्च, पैसे कुठून येणार आणि 'एन' अक्षराने सुरू होणारा एक सेव्हिस नंबर असतो. सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन सरकारची सिस्टीम. तिची वेगळी फी असते. २००४ मध्ये ती १०० डॉलर होती, २००८ मध्ये २०० झाली आणि जून २०१९ पासून ३५० डॉलर.

त्यानंतर 'डीएस-१६०' हा ऑनलाइन फॉर्म. हा निवांत बसून भरा. कालपर्यंतचा सबमिशनचा अनुभव विसरा, इथे शेवटच्या रात्री शेजारच्याचं बघून उतरवता येत नाही! फोटो २ इंच बाय २ इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा घालून काढलेला फोटो चालत नाही. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया अकाउंट्सची नावंसुद्धा त्यात द्यावी लागतात, हे २०१९ पासून आहे. जून २०२५ मध्ये त्यात भर पडली. स्टुडंट व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांनी ही अकाउंट्स 'पब्लिक' ठेवावीत, अशी सूचना आली. तेव्हा जुनं अकाउंट विसरलात असं करू नका.

व्हिसाची फी जून २०२३ मध्ये १८५ डॉलर झाली, आणि व्हिसा मिळो न मिळो, ती परत मिळत नाही. जुलै २०२५ च्या कायद्यात आणखी किमान २५० डॉलरच्या एका फीची तरतूद केलेली आहे. म्हणून पैसे भरायच्या आधी त्या दिवसाचा आकडा अधिकृत साइटवर बघाच, सीनियरने सांगितलेला धरून चालू नका.

मग दोन अपॉइंटमेंट. पहिली व्हिसा ॲप्लिकेशन सेंटरमध्ये, दहाही बोटांचे ठसे आणि फोटो यासाठी. दुसरी कॉन्सुलेटमध्ये, मुलाखतीची. कोर्स सुरू व्हायच्या ३६५ दिवस आधीपर्यंत व्हिसा मिळू शकतो, पण त्या देशात पाऊल ठेवता येतं ते फक्त ३० दिवस आधी.

समोरासमोरच का जायचं?

ताईच्या बाबांनी मला हाच प्रश्न विचारला होता. ते झेडपीच्या शाळेत शिक्षक. म्हणाले, "बेटा, सगळं कॉम्प्युटरवर भरलंय, पैसे भरलेत, कागद दिलेत. मग पोरीला तिकडे उभं कशाला करतात?"

याचं उत्तर थोडं इतिहासात आहे. पूर्वी अनेक अर्जदारांना मुलाखतीशिवाय व्हिसा मिळायचा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातले एकोणीसही हल्लेखोर व्हिसा घेऊन अमेरिकेत शिरले होते आणि त्यातला एक स्टुडंट व्हिसावर गेला होता. त्यानंतर सगळं कडक झालं. ऑगस्ट २००३ पासून बहुतेक अर्जदारांना मुलाखत सक्तीची झाली आणि २००४ मध्ये ते कायद्यातच आलं. कोविडच्या काळात पुष्कळ जणांना सूट मिळाली होती. २ सप्टेंबर २०२५ पासून ती बहुतांशी बंद झाली. चौदा वर्षांखालची मुलं आणि एकोणऐंशीच्या वरचे आजी-आजोबा यांनासुद्धा साधारणपणे स्वतः जावं लागेल, असा तो नियम आहे. त्याच महिन्यात अशीही सूचना आली, की अर्ज आपल्याच देशात किंवा आपण राहतो त्या देशात करावा. त्यामुळे 'दुबईत लवकर स्लॉट मिळवून देतो' असं कोणी म्हणालं तर आधी हा नियम आठवा.

बोटांचे ठसे आणि माणूस एकच आहे का हे बघणं, हे समोर बोलावण्याचं एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. या माणसाच्या मनात काय आहे, याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे, असं कायदा म्हणतो. मनात काय आहे हे झेरॉक्समध्ये दिसत नाही ना!

टू-फोर्टीन-बी

अमेरिकेचा इमिग्रेशनचा मूळ कायदा १९५२ चा आहे. त्यातलं कलम २१४-बी असं सांगतं, की व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथे कायमचा राहायलाच येतोय असं आधी गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. कोर्टात गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष असतो. इथे बरोबर उलटं आहे. संशय आधीच धरलेला असतो आणि तो दूर करायचं काम आपलं.

हे कळल्यावर मला पहिल्यांदा रागच आला. ताईसारखी सरळ मुलगी, तिच्यावर संशय कशासाठी? पण नंतर वाटलं, हे कळलं ते बरंच झालं. कारण संशय ताईवर नाहीये, सगळ्यांवर सारखाच आहे. टॉपरवर पण आहे आणि एटीकेटीवाल्यावर पण आहे. मग त्यात अपमान वाटून घ्यायचं कारण उरत नाही.

एफ-१ साठी पटवून द्यायच्या गोष्टी मुख्यतः तीन. एक, तुम्ही खरोखर शिकायला चाललाय आणि तो कोर्स तुम्हाला झेपणार आहे. दोन, त्याचे पैसे आहेत. तीन, आपल्या देशात तुमचं घर आहे आणि ते कायमचं सोडायचा तुमचा इरादा नाही. बाकी चाळीस प्रश्न विचारले तरी ते फिरून या तिघांपैकी एकावरच येतात.

तिसऱ्या गोष्टीवर सगळे अडखळतात. 'शिक्षण झाल्यावर तिकडे थोडे दिवस नोकरी करायची आहे, हे सांगू की लपवू?' एफ-१ च्या नियमांतच शिक्षणानंतर बारा महिने आपल्या विषयात काम करण्याची सोय ठेवलेली आहे, आणि इंजिनीअरिंगसारख्या विषयांसाठी २०१६ मध्ये आणखी चोवीस महिन्यांची मुदत दिली गेली. म्हणजे नियमात बसणारी गोष्ट लपवायची गरज नाही. लपवलं आणि उघड झालं, किंवा खोटी बँक स्टेटमेंट दाखवली, तर मात्र खेळ संपला. जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीसाठी त्या कायद्यात कायमच्या बंदीचं वेगळं कलम आहे. नकार मिळालेला माणूस पुन्हा अर्ज करू शकतो. खोटेपणाचा शिक्का बसलेल्याला ते दार जवळजवळ बंदच होतं. 'बॅलन्स दाखवून देतो, सगळे करतात' असं म्हणणारा एजंट त्या खिडकीसमोर तुमच्याबरोबर उभा नसतो.

पाठांतराचा आजार

आता मुख्य मुद्दा. आपल्याला ओरलची सवय आहे. एक्स्टर्नल काय विचारणार हे लोकल ऑथरच्या पुस्तकात असतं, आपण ते घोकतो आणि ओकतो. ताईनेही एका कन्सल्टन्सीतून पैसे देऊन उत्तरांची फाइल आणली होती. 'व्हाय धिस युनिव्हर्सिटी?' याचं उत्तर, 'वर्ल्ड क्लास फॅकल्टी अँड स्टेट ऑफ द आर्ट इन्फ्रास्ट्रक्चर.' युनिव्हर्सिटीचं नाव बदललं तरी उत्तर तेच!

कॉमन रूममध्ये टेबलापलीकडे बसून मी अधिकारी झाले आणि विचारलं, "व्हाय सिव्हिल?" ताई खाली बघून म्हणाली, "सिव्हिल इंजिनीअरिंग इज द बॅकबोन ऑफ नेशन बिल्डिंग..." आणि तिसऱ्या वाक्यात अडकली. शाळा मराठी मीडियमची, गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे, पण इंग्लिश बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. चार दिवस हेच चाललं होतं. शेवटी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "तुझ्यासारखं कॉन्व्हेंटमध्ये असते ना, तर झालं असतं."

त्या रात्री चहा पिताना मी तिला सहज मराठीत विचारलं, "ताई, खरं सांग ना, तू सिव्हिल का घेतलंस?"

ती महाडकडची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, भर पावसात, सावित्री नदीवरचा जुना ब्रिटिशकालीन पूल पडला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या पुरात वाहून गेल्या. ताई तेव्हा शाळेत होती. कितीतरी दिवस नदीत शोध चालला होता. पुढच्याच वर्षी तिथे नवा पूल उभा राहिला. ताई म्हणाली, "नवीन पूल बांधताना बघायला आम्ही रोज जायचो. पण माझ्या डोक्यात एकच, की जुना पडणार आहे हे आधी कुणाला कसं कळलं नाही? ते कळायची काही पद्धत असेल ना?" बारावीनंतर तिनं सिव्हिल घेतलं ते त्या प्रश्नासाठी. फायनल इयरचा प्रोजेक्टही जुन्या पुलांच्या तपासणीवर. आणि जी युनिव्हर्सिटी तिनं निवडली, तिथे नेमका याच विषयाचा कोर्स होता.

मी म्हटलं, "हे सांग की!" तर म्हणते, "हे काय व्हिसाच्या साहेबाला सांगायचं असतं? फाइलमध्ये नाहीये."

मित्रमैत्रिणींनो, मला सांगायचंय ते एवढंच. तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं इतकं पक्कं उत्तर तिच्याकडे आठ-नऊ वर्षांपासून होतं, आणि ती पैसे देऊन दुसऱ्याचं उत्तर पाठ करत होती. मग आम्ही फाइल कपाटावर टाकली. तिचं म्हणणं साध्या इंग्लिशमध्ये बसवलं: 'अ ब्रिज इन माय एरिया फेल इन टू थाउजंड सिक्स्टीन. आय वॉन्ट टू लर्न हाऊ टू चेक ओल्ड ब्रिजेस बिफोर दे फॉल.' यातला एकही शब्द पाचवीच्या पुस्तकाबाहेरचा नाही. हे पाठही करावं लागलं नाही.

इंग्लिशच्या भीतीबद्दल अजून एक. तिकडे शिकायचंय म्हणजे इंग्लिश समजलं-बोललं पाहिजे, हे खरंच. पण ही वक्तृत्व स्पर्धा नाही. प्रश्न कळला नाही तर 'प्लीज रिपीट' म्हणायला कुणाची ना नाही. आणि पुढे आई-बाबा तुम्हाला भेटायला यायचं म्हणतील, तेव्हा त्यांना सांगा की मुंबईत त्यांच्या मुलाखतीला मराठीत बोलायची सोय असते.

मुलाखतीचा दिवस

मुंबईचं अमेरिकन कॉन्सुलेट २०११ पर्यंत ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होतं. नोव्हेंबर २०११ पासून ते वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये, जी ब्लॉकला आहे. आम्ही अंधेरीच्या मावशीकडे उतरलो होतो, मरोळ नाक्याहून मेट्रोने बीकेसी गाठलं. मोबाइल, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, स्मार्ट वॉच, मोठी बॅग काहीही आत नेता येत नाही. म्हणून सोबत कुणी असेल तर बरं. सोबतच्याला आत सोडत नाहीत, मी सगळ्या वस्तू सांभाळत बाहेर फुटपाथवर उभी होते. रांगेतली दोन मुलं ओठातल्या ओठात पुटपुटत होती, 'वर्ल्ड क्लास फॅकल्टी अँड...' तीच फाइल! दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नव्हती.

ताई दीड-दोन तासांनी बाहेर आली. त्यातला बहुतेक वेळ सिक्युरिटी, कागद तपासणं, ठसे आणि रांग यात गेला. काचेच्या खिडकीतून प्रत्यक्ष बोलणं जेमतेम तीन मिनिटं. कुठली युनिव्हर्सिटी, तीच का, खर्च कोण करणार, बाबा काय करतात. एज्युकेशन लोनचं सँक्शन लेटर तिनं हातात धरलं होतं, ते मागितलंसुद्धा नाही. 'व्हाय' आल्यावर तिनं पुलाचं सांगितलं. त्यावर अधिकारी बाईंनी फाइलमध्ये नसलेला प्रश्न टाकला, "पण पूल पडणार हे तपासतात कसं?" आता हा तर तिचा प्रोजेक्टच! पाण्याने खांबाच्या पायाखालची माती कशी वाहून जाते, ते ती हातवारे करून सांगत होती म्हणे. पासपोर्ट ठेवून घेतला. ठेवून घेतला म्हणजे साधारणपणे व्हिसा मंजूर.

त्या उत्तरामुळेच व्हिसा मिळाला असं मी म्हणणार नाही. कारण कोणी सांगत नाही. पण ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा ओरल देऊन आल्यासारखा नव्हता, कुणाशी तरी बोलून आल्यासारखा होता.

नकार आला तर?

बॉइज हॉस्टेलमधल्या एका सीनियरला २१४-बीचा कागद मिळाला होता. त्याची मार्कशीट ताईपेक्षा चांगली होती. त्या कागदावर कायद्याचं कलम असतं, तुमची चूक काय ते नसतं. या निर्णयावर अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो. व्हिसाची फी पुन्हा भरावी लागते. सेव्हिसची फी मात्र त्याच प्रकारच्या व्हिसासाठी बारा महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज केला तर परत भरावी लागत नाही. नवीन फॉर्ममध्ये 'पूर्वी नकार मिळाला आहे का?' असा प्रश्न असतो, तिथे खरं तेच लिहायचं. युनिव्हर्सिटीला वेळेवर कळवलं तर बऱ्याचदा ॲडमिशन पुढच्या सेमिस्टरला ढकलून मिळते.

कधी कधी २२१-जी असं लिहिलेला कागद मिळतो. याचा अर्थ काहीतरी माहिती किंवा तपासणी बाकी आहे. मागितलेलं द्यायचं आणि वाट बघायची.

तो सीनियर पुन्हा गेला नाही. गेट दिली, इथेच एम.टेक. करतोय आणि मजेत आहे. तीन मिनिटांत एका अनोळखी माणसाला आपली योजना पटली की नाही, एवढंच त्या कागदावर ठरतं. तुम्ही इंजिनीअर कसे होणार हे त्यावर ठरत नाही. त्याच्या आईने चार दिवस जेवण सोडलं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

जाता जाता

आपल्या ऑफिसमधल्या स्टाफला एक विनंती. मे-जूनमध्ये ट्रान्स्क्रिप्टसाठी येणारी मुलं घायकुतीला आलेली असतात, त्यांच्यावर रागवू नका. आणि मुलांनो, तुम्ही एप्रिलमध्येच अर्ज द्या, म्हणजे रागवायची वेळच येणार नाही.

बाकी तयारी साधी आहे. आय-२० वर सही करा. डीएस-१६० ची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी वाचून काढा, त्यातलं आणि तोंडातलं जुळलं पाहिजे. कन्फर्मेशन पेज, फीच्या पावत्या, मार्कशीट, लोनची कागदपत्रं एका साध्या फोल्डरमध्ये लावा. आणि एका रात्री जवळच्या मैत्रिणीला चहाला बसवून मराठीत सांगा, मला हेच का शिकायचंय. ती म्हणाली 'हं, पटलं', तर इंग्लिशमध्ये आणायला फार वेळ लागत नाही. तिला पटलं नाही, तर स्लॉट घ्यायच्या आधी आणखी थोडा विचार करा.

यंदा जाणाऱ्या सगळ्यांना शुभेच्छा! आणि हो, येताना चॉकलेट आणायला विसरू नका.